येईल त्याचं टेबल

"कुठे अडलात?"

पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला ताई एवढंच विचारायच्या. आवडलं का, कसं वाटलं, असलं काही नाही. पुस्तक हातात घ्यायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि अंगठ्याने पानं फर्रकन सोडायच्या. वाचलेली पानं कडेला जराशी मळलेली असतात, न वाचलेली पांढरीशुभ्र. मळ कुठपर्यंत पोचलाय ते बघून झालं की मान वर करायची आणि विचारायचं.

"छे हो, अडतोय कशाला! छान आहे पुस्तक," असं कुणी म्हणालं की पुस्तक पुन्हा त्याच्याच हातात.

"मग वाचलं नाहीत. घेऊन जा."

मलाही त्यांनी असंच परत पाठवलं होतं. आणि मी त्या वाचनालयाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही, आणि चिटणीस म्हणजे शिव्या खायला हक्काचा माणूस. पण चिटणिसाचीही मुरवत नाही! पुस्तक होतं माणसाच्या कामाचं मोल कोण ठरवतं, यावर. मी चांगलं झोपायच्या आधी, उशी पाठीशी घेऊन वाचलं होतं. निदान माझी तशी समजूत होती.

आमचं वाचनालय कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोड्या पडत असतात, आणि त्या ठोक्यांच्या साथीवर आमच्या भिंतीवरची पाटी सांगत असते: "येथे बोलू नये. बोलणे अगत्याचे असल्यास बाहेर जावे. बाहेरही हळू बोलावे." पाटी आमच्या अध्यक्षांनी स्वतः रंगवून घेतली आहे. शेवटच्या वाक्याचा त्यांना विशेष अभिमान आहे.

पूर्वी इथे कादंबऱ्या जायच्या. मग लोकांनी वाचणं सोडलं आणि स्पर्धा परीक्षेची मुलं आली. विदर्भातून, मराठवाड्यातून, पुण्यात राहून साहेब व्हायचं म्हणून आलेली. आम्ही कपाटं मागे सारली, खुर्च्या मांडल्या, आणि वाचनालयाची अभ्यासिका झाली. वीजबिल वेळेवर जायला लागलं. ही मुलं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ताई.

ताई चंद्रपूरकडच्या. बौद्ध घरातल्या. घरात संध्याकाळी वडील मोठ्याने वाचणार आणि बाकीच्यांनी हातातलं काम न सोडता ऐकायचं, ही रीत. त्या स्वतःही परीक्षेसाठीच पुण्याला आल्या होत्या. वयोमर्यादा उलटून गेली, ताई पुण्यातच राहिल्या. माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या, पण मुलांबरोबर मीही त्यांना ताईच म्हणायला लागलो. नेमणुकीच्या वेळी मी त्यांना सगळं दालन फिरवून दाखवलं. माना खाली घालून बसलेली मुलं, सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, वा म्हणतील.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण वाचणारे कुठे आहेत?"

"हे काय, समोर बसलेत की!"

"हे पाठ करणारे आहेत."

मी मनात म्हटलं, ही बाई आपल्याला सुखाने जगू देणार नाही. अंदाज बरोबर निघाला.

त्यांना मी बसलेलं कधी पाहिलं नाही. दाराशी त्यांच्यासाठी खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. ताई उभ्या, नाहीतर चालत. या टेबलावरून त्या टेबलाकडे, कपाटाकडे, खिडकीशी, परत दाराशी. चहासुद्धा उभ्याने. "अहो, बसा की घटकाभर," मी म्हणायचो. त्यावर उत्तर ठरलेलं: "मी बसले की बाकीच्यांना झोप येते." घरी जाऊन मी अंथरुणावर पडलो तरी डोळ्यांसमोर त्यांच्या येरझाऱ्या चालू असायच्या. काही माणसं शेजारी उभी असली तरी आपलं काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटत राहतं. ताई त्यातल्या.

आल्या आल्या त्यांनी एक कपाट ताब्यात घेतलं. वरच्या फळीवर चिठ्ठी डकवली 'माणूस', मधल्या फळीवर 'नागरिक', खालच्या फळीवर 'पोट'. माणसाचे हक्क वर, नागरिकत्वाची पुस्तकं मध्ये, आणि मजुरी, जमीन, महागाई, कुणाच्या वाट्याला किती आलं, हे सगळं खाली.

"पोट अगदी तळाला?" मी विचारलं.

"वरचं सगळं त्याच्यावरच उभं आहे."

मुलं यायची, हातात क्लासवाल्यांनी दिलेली यादी. "ताई, ह्यातलं आयोगाला इम्पॉर्टंट काय आहे?" ताई यादी बघायच्या, मान डोलवायच्या आणि कपाटातून भलतंच पुस्तक काढून द्यायच्या. हिंगोलीकडचा विशाल म्हणून एक मुलगा होता. हुशार, हक्कांची कलमं झोपेतून उठवलं तरी क्रमाने म्हणेल असा. त्याला त्यांनी खालच्या फळीवरचं एक दिलं.

"ताई, हे सिलॅबसमध्ये नाहीये."

"माहीत आहे. तू आहेस ना त्याच्यात."

आठवड्याने त्याने परत आणलं. मी मुद्दाम तिथे रेंगाळलो. ताईंनी पानं सोडली, विचारलं. विशाल एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "मजुराच्या बायकोचं काम कशातच धरत नाहीत, तिथं. माझी आई आठवली." ताईंनी पुस्तक ठेवून घेतलं आणि त्याला दुसरं दिलं. शाबासकी वगैरे त्यांच्याकडे नव्हती. दुसरं पुस्तक हीच शाबासकी.

आता टेबलाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्याच्यावरून झालं. रस्त्याकडच्या खिडक्यांशी आमचं एक लांबलचक सागवानी टेबल होतं. त्यावर रोजची वर्तमानपत्रं. वर्गणी नाही, नोंद नाही, येईल त्याने बसावं आणि वाचावं, असा वाचनालय काढणाऱ्यांचा दंडक. हातोडी ठेवून आलेले तांबट, पेठेतले हमाल, सुनेने बाहेर घालवलेले सासरे, असे सगळे तिथे यायचे. आणि यायच्या मंदाबाई.

मंदाबाई ठेकेदाराकडे रस्ते झाडायच्या. काम आटोपलं की झाडू दाराबाहेर उभा करून, ते चमकत्या पट्ट्यांचं जाकीट अंगावर तसंच ठेवून टेबलाशी बसायच्या. आधी राशिभविष्य. मग कुणाचं काय जळालं, कुणी कुणाला मारलं. अग्रलेखाच्या वाटेला त्या गेल्या नाहीत, आणि त्यांचं काही अडलंही नाही. एक दिवस ताईंनी त्यांच्यापुढे ठेका कामगारांच्या हक्कांवरची पुस्तिका ठेवली. दोन दिवसांनी विचारलं, "कुठे अडलात?"

"पयल्याच पानावर," मंदाबाई म्हणाल्या. "चष्मा कुठाय मला? पेपरापरीस बारीक हाय ह्ये."

मी हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तिका उचलली आणि तिथेच, उभ्याने, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांची रीत. पहिल्या दिवशी मंदाबाई ऐकत होत्या. मग शेजारचे हमालमामा कान द्यायला लागले, मग दोघे तांबट. थोड्याच दिवसांत दुपारी चहाच्या वेळेला टेबलाभोवती बऱ्यापैकी गर्दी व्हायला लागली. मंदाबाई मध्येच थांबवायच्या, "आं? साप्ताहिक सुट्टी भरपगारी? पुन्ना वाचा." ताई पुन्हा वाचायच्या. "पुन्ना वाचा." पुन्हा. भिंतीवरची पाटी वरून सगळं बघत होती.

मुलांनी तक्रार केली. करणारच. पैसे भरून शांतता घेतली होती त्यांनी. अध्यक्षांना निमित्त मिळालं. पुष्कळ दिवस त्यांच्या मनात होतं की त्या टेबलाच्या जागी खुर्च्या मांडल्या तर अभ्यासिका वाढेल. कार्यकारिणीची सभा झाली. ताईंना दारात उभं केलं होतं, म्हणजे त्या आपणहूनच उभ्या होत्या.

"ताई, भावना समजतात आम्हाला," अध्यक्ष म्हणाले. "पण फुकट वाचणाऱ्यांसाठी पैसे भरणाऱ्यांची गैरसोय का?"

"माझा पगार पैसे भरणाऱ्यांतून येतो, ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या. "पण हे टेबल गेलं, की ह्यांना ह्या शहरात बसून वाचायला दुसरी जागा कुठे आहे सांगा."

शेवटी ठरलं, मुलांनाच विचारू. "लोकशाही आहे," अध्यक्ष म्हणाले.

ताईंना एकदम हुरूप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलांना उत्तरलेखनाच्या सरावाला प्रश्न घातला: "सार्वजनिक वाचनालयातील मुक्त वाचनाची सोय बंद करावी काय? साधकबाधक चर्चा करा." दुपारी तो गठ्ठा माझ्यापुढे आला. काय उत्तरं होती! प्रस्तावना, मुद्दे, समारोप, पुढील दिशा. ज्ञानावर सर्वांचा समान अधिकार. समाजातल्या शेवटच्या माणसापर्यंत. एकानेही बंद करा म्हटलं नव्हतं. विशालच्या उत्तराखाली तर ताईंनी तांबड्या शाईने रेघ ओढली होती. "बघा," त्या म्हणाल्या, "उगाच घाबरत होते मी." आणि खुर्चीवरची पिशवी उचलली. मला वाटलं, आज बसतात बहुतेक. पण नाही बसल्या.

संध्याकाळी अध्यक्ष दालनात आले. मुरलेला माणूस. टेबल काढू का, असं त्यांनी विचारलंच नाही. ते म्हणाले, "खिडकीजवळ नव्या जागा होतायत. उजेड, वारा. कुणाकुणाला हव्यात? हात वर करा."

सगळे हात वर गेले. खरं सांगतो, क्षणाचाही वेळ लागला नाही. सकाळी ज्या हातांनी शेवटच्या माणसापर्यंत लिहिलं होतं, तेच हात. आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही, याचीच मला गंमत वाटली. उत्तर परीक्षेचं होतं, खिडकी स्वतःची होती. ताई दाराशी गठ्ठा छातीशी धरून उभ्या होत्या. चालत नव्हत्या. त्यांना तसं स्थिर उभं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते बघवत नव्हतं.

अध्यक्ष गेले. ताई विशालच्या खुर्चीशी गेल्या. मला वाटलं, आता पोराची काही धडगत नाही. पण आवाज नेहमीचाच होता.

"कुठे अडलास?"

विशालने वही मिटली. "लिहिताना नाही अडलो ताई," तो म्हणाला. "हात वर करताना अडलो. पण केला वर." मग, "माझ्या रूमला खिडकीच नाहीये. कॉट बेसिसवर पाच जण राहतो. भिंतीकडं तोंड करून वाचतो मी. इथं तरी..."

ताईंचा हात त्याच्या खांद्यावर गेला आणि पुष्कळ वेळ तिथेच होता. त्यांच्या कपाटातल्या कुठल्याच फळीवर याचं उत्तर नसावं. मंदाबाईंना टेबल हवं आणि विशालला खिडकी हवी, दोघांचंही खरं. मग चुकतंय कोण? त्या रात्री मी तळमळत होतो, आणि मला खात्री आहे, त्या तर खोलीभर फिरत असणार.

सकाळी त्या माझ्या दारात. "कार्यकारिणीच्या खोलीची किल्ली द्या. झाडायची आहे."

कार्यकारिणीची खोली म्हणजे वाचनालयातली सर्वांत ऐसपैस खोली. दोन खिडक्या, पंखा, संस्थापकांची तसबीर, आणि भिंतीशी गादीच्या खुर्च्या. महिन्यातून एकदा उघडते, चहा होतो, परत कुलूप. ती झाडायला कुणी आपणहून मागतं का? मला प्रश्न पडला होता. पण मी किल्ली दिली.

मी पोचलो तेव्हा टेबल निघालं होतं. एका टोकाला विशाल आणि दोन मुलं, दुसऱ्या टोकाला हमालमामा, आणि मंदाबाई झाडूच्या दांड्याने दिशा दाखवतायत: "डाव्या अंगानं घ्या. डाव्या! जेवता कंच्या हातानं?" दाराच्या चौकटीत टेबल रुतलं. ना आत, ना बाहेर. सगळे घामाघूम.

"कुठे अडलंय?" ताईंनी विचारलं, आणि स्वतःच हसत सुटल्या. त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं ते तेवढंच. हमालमामांनी टेबल आडवं केलं, पाय तिरके घातले, चौकटीचा एक टवका उडाला आणि टेबल आत गेलं.

"अहो, सगळं वाचून झालं," ताई मला म्हणाल्या, "पण ही खोली काहून कुणाच्या डोक्यात आली नाही? माझ्यासुद्धा!" चिडल्या किंवा आनंदल्या की त्यांच्या तोंडी गावाकडचं काहून यायचं. त्या दिवशी दोन्ही होतं.

अध्यक्ष आले आणि लालबुंद झाले. "कुणाच्या परवानगीने? आत्ताच्या आत्ता बाहेर काढा हे!" आम्ही सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. कार्यकारिणीत धड गुडघ्यांचा एक माणूस नाही. मुलं खिडकीतल्या नव्या खुर्च्यांवर जाऊन बसली होती, आणि कधी नव्हे ती मन लावून पाठ करत होती. आमच्या संस्थेत एकदा ठेवलेली वस्तू हलत नाही. ताईंनी हे आमच्याबद्दल नीट वाचून ठेवलं असावं.

टेबलाचा निर्णय पुढच्या सभेत घ्यायचा ठरला. ताईंचा निर्णय मात्र त्याच दिवशी झाला. अध्यक्ष म्हणाले, लेखी माफी द्या, नाहीतर या. ताईंनी पिशवी उचलली. खुर्ची रिकामी झाली. कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"माफी लिहा हो," मी म्हणालो. "एक ओळ. काय जातं?"

"लिहायला बसावं लागेल," त्या म्हणाल्या.

"जाणार कुठे?"

"वारज्याला एक अभ्यासिका आहे. तिथे पेपरच येत नाही म्हणतात." आणि जिना उतरता उतरता वळून, "ते पुस्तक राहिलंय तुमच्याकडे."

राहिलं होतं. उशी सोडून, खुर्चीत ताठ बसून मी ते पुन्हा वाचलं, आणि अडलो. चांगलाच अडलो. ज्यांच्या घामावर घर चालतं त्यांना घरात बसायला जागा कुठे असते, असं एक पान होतं. ते सांगायला मी वारज्याला गेलो. तिथला पोरगेला मॅनेजर म्हणाला, "होत्या हो. पण बसतच नव्हत्या त्या. आता कात्रजला असतात बहुतेक." दाराजवळ एक बाक मात्र दिसला. त्यावर त्या दिवशीची दोन वर्तमानपत्रं, आणि एक वॉचमन चष्मा पुसत बसलेला. कात्रजला काही मी गेलो नाही. तिथूनही त्या पुढे गेल्या असतील.

मग आमची सभा आली. गादीच्या खुर्च्या टेबलाला लावून आम्ही बसलो. दुसऱ्या कडेला नेहमीचे वाचणारे. ते उठतील अशी अध्यक्षांनी वाट पाहिली. कुणी उठलं नाही. मंदाबाईंना आता चष्मा मिळाला होता, त्यांचं राशिभविष्य चाललं होतं. अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, "विषय पहिला."

"मोठ्यानं बोला की," मंदाबाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "हितं ऐकू येत न्हाई."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. वाचून दाखवणं चिटणिसाचं काम. मी उठलो आणि उभ्याने, मोठ्याने वाचलं: "मुक्त वाचनाच्या टेबलाबाबत विचार करणे." मंदाबाईंनी चष्मा काढला. हमालमामांनी पेपर खाली ठेवला. दारात विशाल येऊन उभा राहिला होता.

"म्हंजी काय?" मंदाबाईंनी विचारलं. "ऱ्हानार का जानार?"

"राहणार," मी म्हणालो.

असा ठराव झाला नव्हता. चर्चासुद्धा झाली नव्हती. अध्यक्षांनी तोंड उघडलं, टेबलाच्या त्या कडेला पाहिलं आणि मिटलं. मी उभ्या उभ्याच ते इतिवृत्तात लिहून टाकलं. पेन खाली ठेवलं आणि सवयीने उघड्या दारातून पलीकडे दालनाच्या दाराशी पाहिलं. खुर्ची होती. पिशवी नव्हती. मला बसवेना.